शिळ्यापाक्याचा इतिहास

दरवर्षी स्मरणिकेसाठी माझ्याकडून रेल्वेच्या गमतीजमती मागवल्या जातात. त्या आता संपल्या. शिवाय गेल्या वर्षीच्या महाप्रसादानंतर एक गोष्ट मनात टोचत राहिली आहे, म्हणून यंदा विषय बदलून घेतला. इतिहास लिहिण्याचा मला अधिकार नाही. डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी पी. वे. ची, रूळ, स्लीपर, खडी आणि उन्हाळ्यातली गस्त एवढाच माझा अभ्यास. तेव्हा जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात.

आधी ती गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी महाप्रसादाचा शिधा काढण्याचे काम माझ्याकडे होते. पाचशे पाने धरली. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे मसालेभाताला पन्नास किलो. त्यावर इंजिनिअरची सवय म्हणून मी दहा किलो 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' लावला. पूल बांधताना ही सवय चांगली असते. त्या संध्याकाळी मात्र पाऊस लागला तो थांबेना, आणि जेमतेम पावणेचारशे माणसे जेवली. रात्री अकरा वाजता दोन मोठी पातेली भात उरला. थोडा मुलांनी वस्तीत नेऊन वाटला. बाकीचा सकाळी बघू म्हणून झाकण लावून ठेवला. सकाळी झाकण काढले तेव्हा वासानेच कळले. मांडवामागे खड्डा खणून तो पुरला. कोणी कोणाला काही बोलले नाही, कारण अंदाज माझा होता आणि मी तिथेच फावडे घेऊन उभा होतो.

माझी आई तेव्हा गावाहून आलेली होती. सकाळी फुले घेऊन ती मांडवात आली आणि तिने तो खड्डा पाहिला. "किती तांदूळ व्हता रे?" एवढेच तिने विचारले. मी हिशेब करून सांगितले, वीस-बावीस किलो असेल. ती काही बोलली नाही. दुपारी जेवायला बसली नाही. पोट बरे नाही म्हणाली. संध्याकाळी बायकोने खोदून विचारले, तेव्हा ती बहात्तर सालाबद्दल बोलायला लागली. मी तिचा मुलगा. चाळिशी ओलांडली तरी यातले निम्मे मी प्रथमच ऐकत होतो.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. त्या भागात पाऊस आधीची दोन वर्षेही धड पडला नव्हता आणि १९७२ मध्ये तर त्याने पाठच फिरवली. आई तेव्हा चौदा वर्षांची. शाळा सुटली आणि ती दुष्काळी कामावर गेली. आधी खडी फोडायला, मग पाझर तलावावर मातीच्या पाट्या उचलायला. महाराष्ट्रभर अशी कामे निघाली होती. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर कामाला आली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशाने नंतर जी ग्रामीण रोजगाराची योजना राबवली, तिचे मूळ या खडीत आहे. खडीशी माझा रोजचा संबंध, पण ती फोडणाऱ्या हातांपैकी दोन हात माझ्या आईचे होते हे मी कधी लक्षात घेतले नव्हते.

कामावर सुकडी मिळे. रेशनवर मिळे ती मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आई सांगते, तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. पण तिचाही तुकडा वाया जात नसे. आजी भाकऱ्या मोजून करी आणि मोजून वाढी. एखादा तुकडा उरलाच तर तो पत्र्यावर उन्हात वाळवून मडक्यात टाकी. मडके भरले की एक दिवस पाण्याला तिखट-मीठ लावून, उकळी आली की ते तुकडे त्यात सोडायचे. त्या दिवशी चूल एकदाच पेटे. "तुज्या त्या खड्ड्यावर आमचं सात मान्सांचं घर पंधरा दिस जेवलं असतं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागले.

आमच्याकडे अजूनही म्हणतात की बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता आणि नंतरचे सगळे पाण्याचे. त्यात तथ्य आहे. २०१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात टँकर फिरत होते, पण दुकानात गहू होता. अन्नच नाही अशी वेळ आपल्या घरांवर शेवटची आली त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली, आणि मला वाटते आपली सवय तिथेच बदलली.

जरा मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात जो दुष्काळ पडला त्यात किती माणसे गेली यावर आजही वाद आहे. सरकारी चौकशी आयोगाने सुमारे पंधरा लाख म्हटले, नंतरच्या अभ्यासकांनी तीस लाखांपर्यंत आकडा नेला. मुंबईत त्याच वर्षी मे महिन्यात रेशनिंग सुरू झाले. कलकत्त्यात ते यायला १९४४ चा जानेवारी उजाडला. मुंबईतल्या चाळीत तांदळावर वाढलेल्या कोकणी माणसाच्या ताटात गहू आला तो बराचसा या रेशनकार्डामुळे. लग्नकार्यात पाने किती वाढायची, यावरही त्या काळात सरकारी आदेश निघत. कार्यालयात पाचव्या पंगतीला बसून जिलबीची पैज लावणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला हे खरे वाटणार नाही.

यात रेल्वेचाही एक धडा आहे आणि आपल्या कॉलनीत तो कोणाला फारसा माहीत नाही. युद्धकाळात महागाई भडकली तेव्हा रेल्वेने कर्मचाऱ्यांसाठी स्वतःची धान्य दुकाने उघडली. त्यांना 'ग्रेन शॉप' म्हणत. लहान स्टेशनांवरच्या गँगमनपर्यंत धान्य पोहोचावे म्हणून गाडीच्या डब्यातली फिरती दुकानेही होती. पगाराचा एक भाग जणू तांदूळ-डाळीतच मिळे. १९४८ मध्ये या दुकानांची चौकशी करायला समिती नेमली गेली, म्हणजे तक्रारीही भरपूर असणार. रेल्वे म्हटली की समिती आलीच!

स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहाने १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे उठू लागली. भाव असे चढले की पुढच्याच वर्षी ती परत आणावी लागली. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी अन्नमंत्री झाले. त्यांचा वनमहोत्सव आपल्याला शाळेतल्या रोपट्यांमुळे माहीत आहे. पण त्याच वर्षांत भात-गव्हाऐवजी रताळी, केळी, टॅपिओका खा, एक जेवण सोडा, असा प्रचारही चालला होता. लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे निघाली, तिथे धान्याशिवायचे पदार्थ मिळत. आपल्या उपासाच्या ताटाला सरकारी मान्यताच मिळाली म्हणायची. मराठी माणसाला यात नवल ते काय? साबुदाणा, वरी, रताळे, राजगिरा हे धान्य न खाता पोट भरण्याचे शास्त्र आपल्याकडे आधीच पूर्ण झालेले होते. फक्त आपण ते एकादशीला वापरतो आणि दुप्पट खातो.

१९६५ चे वर्ष मात्र वेगळे. पाऊस नाही, पाकिस्तानशी युद्ध, आणि धान्यासाठी अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली येणाऱ्या जहाजांकडे डोळे लागलेले. १९६६ मध्ये देशाने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले. जहाज बंदरात लागले की धान्य थेट तोंडात, अशी अवस्था होती. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि कित्येक गावांत सोमवारी संध्याकाळी खानावळी, हॉटेले बंद राहू लागली. आमच्या कॉलनीत एक निवृत्त गार्डसाहेब होते. ते शेवटपर्यंत सोमवारी रात्री जेवत नसत. आम्हाला वाटे शंकराचा उपास. एकदा विचारले तर म्हणाले, "महादेवाचा नाही रे, शास्त्रीजींचा. सोडा असं कोणी सांगितलंच नाही परत." हरित क्रांती होऊन गेली, कोठारे भरली, पण त्यांना खरेच कोणी सांगितले नव्हते.

आता आपण राहतो त्या मुलखाकडे वळतो. बिलासपूरला आपण नोकरीनिमित्त आलो असे आपल्याला वाटते, पण मराठी माणसे इथे रेल्वेच्या फार आधी आली. १७४१ मध्ये भास्करपंतांनी नागपूरकर भोसल्यांसाठी रतनपूर घेतले. १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले तिथूनच छत्तीसगडचा कारभार पाहत होते. रामटेकरीचे मंदिर त्यांचेच. पुढे १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९१ पर्यंत नागपूर ते आसनसोल रूळ जोडले गेले. या रुळांनी छत्तीसगडचा तांदूळ बाहेर नेला आणि इथले भाव बाहेरच्या बाजाराला बांधले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांतातले हे जिल्हे होरपळले, तेव्हा त्याच रुळांवरून धान्य परतही आले. रूळ दोन्हीकडे जातो, हे आम्हा पी. वे. वाल्यांना शिकवावे लागत नाही.

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी ट्रॅकवर जे पाहिले ते सांगतो. मे महिना, रूळ असा तापलेला की हात लावला तर फोड यावा. गँग सकाळी साडेनऊला झाडाखाली बसली आणि प्रत्येकाने डबा उघडला. आत पाण्यात भिजलेला भात, वर कांदा, मीठ, हिरवी मिरची, कोणाकडे टमाट्याची चटणी, कोणाकडे भाजी. ही बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळपर्यंत तो किंचित आंबतो. त्याच दिवशीचा भिजवला तर बोरे. मी नवा, मराठी, 'शिळे खाऊ नये' ऐकत वाढलेला. मेटने एक वाटी पुढे केली. नको म्हणायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत उन्हाचा त्रास झाला नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो. २०२२ मध्ये इथल्या सरकारने १ मेच्या कामगार दिनी सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि मोठे साहेब लोक बासीचे ताट पुढे घेऊन फोटो काढू लागले. आमच्या गँगमध्ये त्यावर बराच हशा झाला.

आपल्या कॉलनीतच पाहा. ओडिया सहकारी २० मार्चला पखाळ दिवस करतात. बंगाली घरात पांता भात. गुजराती, राजस्थानी शेजाऱ्यांकडे शीतळेच्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचे थंडच खायचे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसी म्हटले आहे आणि त्याच देशातल्या लेकुरवाळ्या बायकांनी त्याचा सण करून टाकला. मराठी घराने सण केला नाही, फोडणी दिली. फोडणी पडली की शिळे राहत नाही, हा आपला न लिहिलेला कायदा. फोडणीचा भात, फोडणीची पोळी (आमच्याकडे कुस्करा), गूळ-तूप घालून पोळीचा लाडू, ताकात भाकरीचा काला. ताक आंबले तर कढी. तूप कढवल्यावर खाली राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर. दोडक्याची भाजी केली की त्याच्या शिरांची चटणी. कोकणात आठळ्या, सोलापुराकडे महिनाभर टिकणारी कडक भाकरी. यातला कुठलाही पदार्थ कोणा थोर आचाऱ्याने शोधला नाही. एक तुकडा उरला होता आणि टाकायचा नव्हता, एवढेच.

मग बिघडले कुठे? माझ्या मते फ्रिजपाशी. गोदरेजने १९५८ मध्ये आपल्या देशात फ्रिज बनवायला सुरुवात केली, पण सामान्य नोकरदाराच्या घरात तो यायला आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली. त्याआधी जाळीचे कपाट होते, शिंके होते. उरलेले अन्न डोळ्यांसमोर असे आणि घड्याळ चालू असे. दुपारचे रात्री संपलेच पाहिजे. फ्रिजने अन्न टिकवले हे खरे, पण ते दाराआड गेले. आमच्याकडे एका वाटीवर दुसरी वाटी, तिच्यावर झाकण म्हणून बशी, असा तीन मजली प्रकार मागच्या बाजूला असतो आणि चौथ्या दिवशी तो 'अरेच्चा' म्हणून बाहेर येतो. टाकायचे ते आज नाही, गुरुवारी टाकायचे, एवढाच फ्रिजचा उपयोग झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये एक अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साठ टक्के हॉटेलात किंवा दुकानात नव्हे, घरांत. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. यात साली, देठ, हाडे असे न खाण्याचे भागही धरलेले असतात, तेव्हा सगळे ताटातले अन्न समजू नये. तरीही मी तो आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे वर्षाला साठ.

खड्ड्यानंतर मी घरात एक महिना वही ठेवली. मुलीच्या केकच्या काट्यावर टाकायचे ते आधी मोजायचे, मग टाकायचे. बायको पहिल्या आठवड्यात चिडली, कारण तिला वाटले की मी तिची परीक्षा घेतो आहे. दुसऱ्या आठवड्यात वहीत माझीच नावे जास्त निघाली तेव्हा ती स्वतः लिहू लागली. सर्वांत जास्त वाया गेली कोथिंबीर, कारण बाजारात मी स्वस्त दिसली की तीन जुड्या घेतो. त्याखालोखाल भात, कारण ड्यूटीवरून उशिरा येईन तेव्हा 'बाहेर खाल्ले' हे मी घरी कळवत नाही. स्वयंपाकघराचा दोष त्यात फार थोडा होता. आता मी संध्याकाळी सहाला फोन करतो. बाकी काही मोठी सुधारणा झालेली नाही.

एक गोष्ट मात्र आईच्या विरुद्ध लिहिली पाहिजे. तिला अन्न टाकवत नाही म्हणून ती वास आलेलेही खाते, आणि दोनदा तिला सलाईन लावावे लागले. बासी आणि नासलेला भात एक नव्हे. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला तर त्यात जे जंतू वाढतात त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आमची पातेली तशीच नासली. खोल भांडे, घट्ट झाकण, पावसाळी दमट हवा. आतला भात रात्रभर कोमटच राहिला. उरलेला भात रुंद परातीत पसरून लवकर निववायला हवा होता आणि मग गार ठेवायला किंवा त्याच रात्री पूर्ण वाटायला हवा होता. पाचशे रुपयांच्या चार परातींची गोष्ट होती. आईला मी हे समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग उरंल एवढं करायचंच कशाला?"

यंदा समितीने ठरवले आहे की आरतीच्या वेळी दुपारीच कुपने वाटायची. पहिले पातेले तीनशे पानांचे. कुपने मोजून, पावसाचा रंग बघून, साडेसातला दुसरी शेगडी पेटवायची की नाही ते ठरवायचे. मसालेभात तासाभरात होतो, थोडे थांबावे लागले तर मंडळींनी रागावू नये. गँगच्या वस्तीतल्या दोघांना आधीच सांगून ठेवले आहे की उरले तर रात्री दहालाच फोन येईल, सकाळी नाही. परातींची सोय झाली आहे.

आई चतुर्थीच्या आदल्या दिवशी येते आहे. तिकीट कळवायला फोन केला तेव्हा तिने गाडी कुठली, डबा कुठला, काही विचारले नाही. विचारले ते एवढेच, "औंदा तांदूळ कोन मोजनार हाय?"